मदत हवी आहे: यीस्टमधला को-क्यू६ (कोएन्झाईम क्यू६, मायटोकॉन्ड्रियात इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) कशामुळं कमी व्हायलाय?

नांदेडला एमएस्सी प्रोजेक्ट करायलोय. कार्डिओलिपिन (मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या मेम्ब्रेनमधलं लिपिड) न बनवणाऱ्या, म्हणजे सीआरडी१ जीन काढलेल्या यीस्टमधे को-क्यू६ चं पीक वाइल्ड टाईपच्या (जीन न काढलेल्या यीस्टच्या) निम्मंच येतंय, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायची पद्धत), २७५ नॅनोमीटरच्या यूव्हीला. ग्लुकोजवर कॉलनी मस्त, ग्लिसरॉलवर, जिथं वाढायला मायटोकॉन्ड्रियाचं श्वसन लागतं, पार टाचणीच्या टोकाएवढ्या. पेटिट (मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बिघडलेल्या पेशी) नाहीत, तपासलं. फोर-एचबी (को-क्यू६ बनवायचा कच्चा माल) घालून बघितलं, काहीच फरक नाही. को-क्यू९ हे इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरलेल्या मापात घालायचा तसलाच रेणू) टाकतोच, त्यामुळं एक्स्ट्रॅक्शनचा लॉस धरू नका.

मला वाटतं आतल्या मेम्ब्रेनमधला, को-क्यू६ बनवणाऱ्या कॉक प्रोटीनचा कॉम्प्लेक्सच टिकंना, तसं असंल तर डीएमक्यू६ (को-क्यू६ बनायच्या आधीच्या टप्प्यावरचा रेणू) साठायला पाहिजे. मास स्पेक नाही. डीएमक्यू६ ला पुढं नेणारा कॉक७ पूर्ण काढला तर पाथवे आधीच अडकतो अन् डीएमक्यू६ साठतच नाही, मग कंट्रोलला कॉक७ चा कोणता पॉइंट म्युटंट (जीनमधे एकाच जागी बदल असलेला) घेऊ, आणि नुसत्या यूव्हीवर डीएमक्यू६ अन् को-क्यू६ ही दोन पीकं वेगळी निघतात का?