उसाच्या मुळाशी वाढणाऱ्या हुमणीपर्यंत सूर्याची ऊर्जा पोहोचते कशी?

करवीरचा ऊसकरी
नमस्कार. सर्व सजीव ऊर्जेसाठी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे सूर्यप्रकाशावर अवलंबून असतात, हे आपण सगळेच शाळेत शिकलो; पण पुतणीला तेच समजावताना माझी अडचण झाली. वाळलेले उसाचे बेट तिच्यासमोर उपटले, तेव्हा कुरतडलेल्या मुळांत हुमणीच्या पांढुरक्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या निघाल्या आणि ऊन लागताच पुन्हा मातीत शिरू लागल्या. शेजारी एका बंद खोलीत धिंगरी अळिंबी पिकवतात, तिथेही ऊन पोहोचत नाही. अंधारात वाढणाऱ्या या जिवांना सूर्याची ऊर्जा कोणत्या मार्गाने मिळते, आणि ‘सर्व सजीव’ हे विधान काटेकोरपणे खरे आहे का, असे तिचे दोन प्रश्न आहेत.

निवृत्त विज्ञान शिक्षक
जीव प्रकाशात राहतो का आणि त्याच्या अन्नातील ऊर्जा मुळात प्रकाशातून आली का, या दोन बाबी वेगळ्या आहेत. ऊस पानांतील हरितद्रव्याने प्रकाश शोषतो, हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढलेले पाणी यांपासून साखर तयार करतो, आणि ती साखर जशी कांड्यांत साठते तशीच मुळांकडेही जाते, कारण मुळांना स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. हुमणी कुरतडते ती मुळे याच साखरेवर पोसलेली असतात. आपण हुमणीवर मेटाऱ्हायझियम ही बुरशी सोडतो, तेव्हा अळीच्या शरीरात वाढणाऱ्या त्या बुरशीलाही पान, मूळ आणि अळी असा प्रवास करून आलेलीच ऊर्जा मिळते. या प्रवासात गळती मोठी असते. अमेरिकी परिसंस्था-अभ्यासक रेमंड लिंडेमन यांनी १९४२ साली अन्नसाखळीतील ऊर्जेचा हिशोब मांडला, आणि पुढे ढोबळमानाने असे मानले जाऊ लागले की एका पायरीवरील ऊर्जेपैकी दहा टक्क्यांच्या आसपासच पुढच्या पायरीच्या शरीरात उतरते. उरलेली श्वसनात, उष्णतेत आणि विष्ठेत जाते.

धिंगरी भाताच्या पिंजरातील सेल्युलोज व लिग्निन यांचे विघटन करून जगते, आणि ते पिंजर म्हणजे खरिपात भाताच्या पानांनी पकडलेली ऊर्जा होय. तिला छत्र्या नीट धरण्यासाठी थोडा उजेड लागतो खरा, परंतु तो केवळ इशारा म्हणून. त्यातून तिला अन्न मिळत नाही. फार कशाला, लावणीची टिपरी, म्हणजे लागणीसाठी तोडलेला उसाच्या कांडीचा तुकडा, हीसुद्धा कोंब वर येऊन हिरवा होईपर्यंत मागच्या पिकाने साठवलेल्या साखरेवरच जगते.

गुऱ्हाळघर
शिक्षकांनी टारफुला या परोपजीवी तणाचा उल्लेख करायला हवा होता, कारण आपल्या भागात त्याचा त्रास थोडा नाही. त्याचे रोप जमिनीवर दिसण्यापूर्वी काही आठवडे उसाच्या किंवा ज्वारीच्या मुळांना चिकटून पूर्णपणे त्यांच्याच साखरेवर जगते. वर आल्यावर हिरवी पाने फुटतात, तरीही त्याचे शोषण थांबत नाही. वनस्पती असूनही बराच काळ ‘अप्रत्यक्ष’ गटात राहणारा हा जीव पुतणीला अवश्य दाखवावा.

आणखी एक गोष्ट. उसासारखे प्रकाशाचा चांगला उपयोग करणारे पीकसुद्धा, पूर्ण कालावधीची सरासरी काढल्यास, शेतावर पडलेल्या सूर्यऊर्जेपैकी साधारण एक-दोन टक्केच शरीरात साठवते. गुळात आपण त्यातील काही भाग खातो आणि चिपाडांतील भाग काहिलीखाली जाळतो.

खोल पाणी
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. १९७७ साली गॅलापागोसजवळ सुमारे अडीच किलोमीटर खोल समुद्रतळावर उष्ण झरे सापडले आणि त्यांच्याभोवती शिंपले व लांबलचक नळीकृमी दाटीवाटीने राहत असल्याचे दिसले. पूर्ण वाढलेल्या नळीकृमीला तोंड किंवा आतडे नसते. त्याच्या शरीरातील जिवाणू हायड्रोजन सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करून मिळणाऱ्या ऊर्जेवर अन्न तयार करतात. म्हणून ही वस्ती सूर्यापासून स्वतंत्र आहे, असे सर्रास लिहिले जाते. मला ते घाईचे वाटते, कारण या जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन समुद्राच्या पाण्यातून येतो आणि तो प्रकाशसंश्लेषणातूनच तयार झालेला असतो.

खरा अपवाद हवा असेल तर दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीकडे पाहावे. तेथे सुमारे २.८ किलोमीटर खोल खडकांतील पाण्यात आढळलेला एक जिवाणू हायड्रोजन आणि सल्फेट यांच्यावर जगतो. खडकातील युरेनियमच्या किरणोत्सर्गामुळे पाण्याचे विघटन होऊन तो हायड्रोजन तयार होतो. तेव्हा परीक्षेत पुतणीने ‘जवळजवळ सर्व’ असे लिहिले, तर कोणत्याही जाणत्या परीक्षकाने गुण कापू नयेत.

करवीरचा ऊसकरी
सर्वांचे आभार. आता तिची नवी शंका अशी की अंड्यातून नुकतीच निघालेली हुमणी मुळापर्यंत पोहोचण्यापूर्वी कशावर जगते?

निवृत्त विज्ञान शिक्षक
वळवाचे पाऊस झाले की भुंगेरे, म्हणजे हुमणीचे प्रौढ कीटक, तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब आणि बाभळीचा पाला खातात. अंड्यातील पोषक द्रव्य मादीच्या शरीरातून येते, म्हणजे त्यात या पाल्याचा वाटा असतो. बाहेर पडलेली लहान अळी सुरुवातीला मातीतील कुजलेले सेंद्रिय पदार्थ खाते, ज्यात आपण टाकलेले शेणखतही आले. मुळांकडे ती नंतर वळते.