तुंबलेलं सिंक: तुमच्याकडे कसं तुंबलं, कसं सुटलं?

ओटा_आणि_मी:
काल खालच्या काकूंकडे प्लंबर आला होता. जिन्यातून जाताना तो वास आला, आंबलेल्या खरकट्याचा आणि साबणाचा, आणि एकदम डोंबिवलीचं आमचं जुनं घर आठवलं. दिवाळीचं तळण उरकलं की पुढच्या दोन-चार दिवसांत सिंक हमखास तुंबायचं. बाबा ऑफिसातून आले की शर्ट काढून बनियनवर ओट्याखाली आडवे. आई बॅटरी धरायची, माझ्याकडे बादली. ट्रॅपची वाटी फिरवून सुटली की आधी काळं पाणी धबकन खाली यायचं आणि मग पांढरट, मेणचट गोळा. त्यात भाताची शितं, चहाचा चोथा, घासायच्या काथ्याचे धागे, सगळं थिजलेलं. बाबा तो गोळा रद्दी पेपरवर काढून आम्हाला दाखवायचे, "हे बघा, शंकरपाळ्यांचं तूप!" आता त्यांना वाकवत नाही, पण कुणाकडे सिंक तुंबल्याचं कळलं की फोनवरून सूचना सुरू.
तुमचे अनुभव लिहा. काय केलं, कशाने सुटलं, काय अजिबात करू नये.

कणीकतिंबा:
आमच्याकडे कणीक. परात तशीच नळाखाली धरायची सवय घरात सगळ्यांना. कणीक पाण्यात विरघळत नाही हो, वळणावर जाऊन चिकटून बसते आणि मग त्यावर एकेक थर. आता परात आधी कोरडीच खरवडायची. कुकर झालाय, नंतर लिहिते

ठाणेकर७७:
पंप वापरणाऱ्यांसाठी. रबर बुडेल इतकं पाणी सिंकमध्ये असू द्या, कोरड्यात नुसती हवा ढकलली जाते. दोन भांड्यांचं सिंक असेल तर दुसऱ्याच्या भोकात ओलं फडकं कोंबून कुणीतरी घट्ट दाबून धरा. वर ओव्हरफ्लोचं भोक असेल तर तेही. नाहीतर इकडे दाबलं की तिकडून कारंजं.

मोगरा_फुलला_का:
+१ कारंजं. सासूबाईंच्या इरकलीवर 😄

ठाणेकर७७:
अरेरे! निघाला का डाग?

मोगरा_फुलला_का:
निघाला. पण तेव्हापासून पंप बाहेर काढला की त्या आधी देवघरात जाऊन बसतात

शाळाबाई:
मी रसायनशास्त्र शिकवायचे, म्हणून जरा कळकळीने लिहिते. ड्रेन साफ करायच्या पावडरीत बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो. तो तेलातुपाचा साबण करतो, म्हणून पाइप सुटतो. पण पाण्यात पडला की प्रचंड तापतो. हातमोजे घाला, तोंड लांब ठेवा, मुलांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. त्यावर संडास साफ करायचं ॲसिड कधीही ओतू नका. आमच्या शेजारी ओतलं होतं, सगळं उसळून वर आलं, नशिबाने डोळे वाचले. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, तो तर आणखी वाईट. ॲल्युमिनियमची भांडी सिंकमधून काढून ठेवा, सोडा ती खातो. आणि पावडर टाकूनही तुंबलेलंच राहिलं, तर प्लंबर ट्रॅप उघडायच्या आधी त्याला सांगा की आत सोडा आहे. तो बिचारा खाली झोपून तोंड वर करून काम करतो.

ओटा_आणि_मी:
शाळाबाई, हे शेवटचं फार मोलाचं. बाबांनाही वाचून दाखवते.

दुपारचा_चहा:
बेकिंग सोडा आणि व्हिनेगर कुणी केलंय का? माझी बहीण फार सांगते

शाळाबाई:
फसफसतं छान. पण दोघं एकमेकांनाच संपवतात, उरतं खारट पाणी. थिजलेल्या तुपाला त्याने काही होत नाही. थोडा वास कमी होतो इतकंच. उकळतं पाणीही ओतू नका, प्लास्टिकचे पाइप साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडतात आणि सांधे सुटतात. गीझरचं कढत पाणी आणि भांड्याचा साबण, तुंबायला नुकती सुरुवात असेल तर पुरतं.

तळमजला:
आमचं दुखणं वेगळं. आम्ही सिंक वापरलंच नाही तरी ते भरतं. वरच्या सगळ्या मजल्यांचा पाइप खाली चेंबरपाशी तुंबला की पाणी आमच्या सिंकमधून वर येतं. कोणाकडे काय शिजलं ते आम्हाला आधी कळतं. गौरी जेवायच्या दिवशी, पुरणाचा स्वयंपाक चालू असताना, वरच्यांचं ओशट पाणी कडेपर्यंत आलं होतं. आई रडायलाच लागली. चेंबर उघडून बांबूची लांब कामटी घातली तेव्हा कुठे सुटलं. सोसायटीत दर वेळी एकच उत्तर, तुमच्या घरात आहे तर तुम्ही करा.

कणीकतिंबा:
बापरे, पुरणाच्या दिवशी 😔 अहो पण सामायिक पाइप म्हणजे सोसायटीचंच काम ना ते. लेखी द्या, फोटो जोडून. तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही.

तळमजला:
दिलंय. आता पावसाळ्याआधी चेंबर साफ होतात. आईसाठी तेवढंही खूप झालं.

थेम्सकाठी:
लंडनहून. इथे २०१७ मध्ये व्हाइटचॅपलच्या रस्त्याखाली गटारात चरबीचा गोळा सापडला, सुमारे २५० मीटर लांब, १३० टन वजन. तेल, चरबी आणि ओले पुसायचे कागद, सगळं मिळून दगड झालेलं. त्याचा तुकडा पुढच्या वर्षी संग्रहालयात ठेवला होता! तेव्हापासून आमच्याकडे कढई आधी पेपरने पुसायची, मग धुवायची. थंडीत तर नक्कीच, खोबरेल २४ अंशांच्या खाली गेलं की घट्ट होतं, इथे तर नळाचं पाणीच बर्फगार.

दुपारचा_चहा:
संग्रहालयात?? बाई बाई

गुहागरची:
आमच्याकडे गावाला सिंकच नव्हतं, मोरी. मोरीचं पाणी पन्हळीतून मागे अळूला आणि केळीला. काही तुंबायचं नाही, खरकटं आधी गोठ्यात जायचं. भांडी राखेने घासलेली, त्यामुळे झाडांनाही त्रास नाही. अळूची पानं सुपाएवढी.

वायसर_कुठंय:
ट्रॅप उघडणाऱ्यांनो, वाटीच्या आत रबरी वायसर असतो. तो बादलीत पडतो आणि घाण पाण्यासोबत ओतला जातो. आधी बाजूला काढून ठेवा. वाटी परत बसवताना तो सरळ बसलाय ना बघा, नुसती हाताने आवळा, पान्याने आवळली की आटे जातात. बादली तिथल्या तिथे सिंकमध्ये रिकामी करायची नाही, खाली वाटी नसते तेव्हा 🙏 आमच्या दिरांनी केलंय. आणि वाटीत थोडं पाणी राहतं ते राहू द्या, त्यामुळेच गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. महिनाभर गावाला गेलात की ते आटतं, परत आल्यावर वास येतो तो त्याचा.

मोगरा_फुलला_का:
अच्छा! म्हणून मे महिन्यात परत आलं की घर घाण वासाचं. इतकी वर्षं मी उंदीर शोधत होते

ओसरी:
आमच्या मावशी बावीस घरची भांडी बघून बसल्यात, त्या नुसत्या आवाजावरून सांगतात. पाणी शेवटी गुडगुड करायला लागलं की म्हणतात, ताई, आठवड्याभरात बसणार हे. आणि बसतंच. त्यांचं म्हणणं ऐकून जाळी बदलली, बारीक भोकांची घेतली, रोज रात्री उलटी आपटून कचऱ्यात. पावडर टाकायची असेल तर त्या यायच्या आत टाकून, धुवून मोकळं करते. त्यांचे हात दिवसभर पाण्यात असतात, भेगा पडलेल्या, त्यात तो सोडा नको.

थेम्सकाठी:
गुहागरची, मोरीच्या पाण्यावरचं अळू खाजत नाही?

गुहागरची:
पाण्याचा संबंध नाही, जात बघायची. काळ्या देठाचं घ्यायचं. आणि फदफद्यात चिंच किंवा आमसूल सढळ हाताने.

कणीकतिंबा:
कुकर उघडला. देठं टाकून देता का? आम्ही देठी करतो

थेम्सकाठी:
दह्यात?

कणीकतिंबा:
दह्यात. देठं सोलून, उकडून, कुस्करायची, वरून हिंगमिरचीची फोडणी. सालं मात्र सिंकमध्ये नको, लांब धागे निघतात त्यांचे