रविवारचा वर्ग – जायफळ चालेल का? (तातडीचं)

प्रेषक: मंजिरी

मंडळी, नमस्कार.

रविवारी चौथ्या स्तराच्या मराठी वर्गात मी वीसेक अख्खी जायफळं आणि थोडी जायपत्री आणणार होते. प्रसादचा काल फोन आला की इमारतीच्या दारावर नट-फ्रीचा (काजू-अक्रोडासारखे नट आत आणू नका असा) बोर्ड आहे आणि नटमेग म्हटल्यावर ऑफिसवाले हो म्हणणार नाहीत. मला गुरुवारपर्यंत कळायला हवं, कारण रन बेटाचा (इंडोनेशियातल्या बांदा बेटांपैकी एक) सगळा धडा जायफळावरच बेतलाय, दुसरं काही तयार नाहीये. जायफळ हे नट नाही, झाडाच्या फळातली बी आहे, हे कोणी त्यांना नीट सांगू शकेल का? आणि हो, कोणाकडे सहाण आहे का?

मंजिरी

---

प्रेषक: प्रसाद

मंजिरी, मी नाही म्हटलेलं नाही, विचारावं लागेल म्हटलं. संक्रांतीच्या तिळगुळाचं रामायण सगळ्यांना आठवत असेलच. २०२३ च्या जानेवारीपासून इथे अमेरिकेत तीळ नववा मोठा ॲलर्जन (ॲलर्जी आणणारा पदार्थ) म्हणून यादीत आला आणि आपण नेमके त्याच महिन्यात कॅफेटेरियात तिळगुळाच्या पुड्या वाटत होतो, नंतर तीन आठवडे फोन कोणाला आले तर मला. फॉर्मवर सही माझी असते. जायफळ बी आहे हे मला मान्य आहे हो, पण सफाईवाला पाकिटावर 'नट' एवढंच वाचणार. लेबल काढून स्टीलच्या डब्यात आणलंत तर अजूनच वाईट, मग आपण लपवून आणलं असं होतं.

त्यापेक्षा या वेळी व्हिडिओ दाखवा ना, प्रोजेक्टर आहे. फक्त वायफायचा पासवर्ड बदललाय, नवीन माझ्याकडे नाहीये.

प्रसाद

---

प्रेषक: वैशाली

प्रसाद, मी याच वर्गातल्या मुलाची आई म्हणून लिहितेय. त्याला काजू आणि अक्रोड चालत नाहीत, दोन एपिपेन (ॲलर्जीवरची तातडीची इंजेक्शनं) कायम माझ्या पर्समध्ये असतात. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नावात नट आहे म्हणून जायफळाला घाबरू नका. नारळाचंही तेच, एफडीएने, म्हणजे इथल्या सरकारी अन्न-औषध खात्याने, इतकी वर्षं त्याला ट्री नटच्या (झाडावरच्या नट्सच्या) यादीत ठेवलं आणि २०२५ च्या जानेवारीत काढलं. तोपर्यंत आमच्या घरी नारळीभात होत होता आणि मंडळात मात्र नारळाच्या वड्या गाडीच्या डिकीतून वाटाव्या लागायच्या, ते कोणी ठरवलं होतं हे मला अजून कळलेलं नाही.

माझी अट एकच. वास घ्या, हातात घ्या, उगाळा, पण चाटायला देऊ नका. नट म्हणून नव्हे, जायफळ जास्त पोटात गेलं तर विषारी असतं म्हणून. श्रीखंडाला चिमूटभरच घालतात ते उगीच नाही.

वैशाली

---

प्रेषक: श्रीकांत

चि. मंजिरी,

जायफळाचं तुम्ही तरुण मंडळी बघून घ्या. मला धड्याबद्दल बोलायचंय. "इंग्रजांनी रन बेट दिलं आणि बदल्यात न्यूयॉर्क घेतलं" असं वाक्य तुझ्या आधीच्या मेलमध्ये होतं, ते मुलांना तसं सांगू नये. १६६७ साली इंग्रज आणि डच यांच्यात ब्रेडाचा तह झाला त्यात युद्धाअखेर ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याच्याकडे राहील असं ठरलं. डचांकडे रन आणि सुरिनाम राहिलं, इंग्रजांकडे न्यूयॉर्क. भाजी मंडईतल्यासारखी अदलाबदल झाली नाही. शिवाय गोष्ट तिथे संपतही नाही. १६७३ मध्ये डचांनी न्यूयॉर्क परत घेतलं, न्यू ऑरेंज असं नाव दिलं आणि वेस्टमिन्स्टरच्या तहानं ते इंग्रजांना कायमचं मिळालं ते १६७४ मध्ये. १६७४! म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला तेच वर्ष, आणि त्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. मागेही एक जोडी बघ, १६६४ च्या जानेवारीत महाराज सुरतेत होते आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तिथला डच कारभारी स्टायव्हेसंटने न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे आजचं न्यूयॉर्क, इंग्रजांच्या हवाली केलं. सुरतेत इंग्रज आणि डच दोघांच्याही वखारी होत्या. तीच दोन माणसं, दोन्ही टोकांना!

हे मी गणपतीतल्या भाषणात सांगत होतो तेव्हा माइक बंद पडला.

श्रीकांत

---

प्रेषक: मंजिरी

काका, बरोबर आहे, अदलाबदल हा शब्द काढते. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलांना "ज्याच्या ताब्यात जे आहे ते" कळावं म्हणूनच मी जमिनीवर दाखवणार आहे. कॅफेटेरियाच्या फरशा एक फुटाच्या आहेत, एक फरशी म्हणजे एक किलोमीटर धरायचा. रन बेट तीन फरशा लांब आणि रुंदीला एकसुद्धा पूर्ण नाही. न्यूयॉर्कचं मॅनहॅटन बेट एकवीस-बावीस फरशा लांब. मास्किंग टेपनं दोन्ही आखायची आणि मुलांना विचारायचं की तुम्ही डच आहात, यातलं कुठलं सोडाल. मी घरी माझ्या दोघांवर करून बघितलं, धाकटी तीन फरशांवर उभी राहून म्हणाली की हे कोण ठेवेल, मग तिच्या हातात जायफळ दिलं आणि सांगितलं की तेव्हा हे जगात जवळजवळ फक्त बांदाच्या बेटांवर पिकायचं, दुसरीकडे कुठे नाही. ती बराच वेळ काही बोललीच नाही. म्हणून मला खरं जायफळ हवंय, फोटो नको.

वायफाय नाहीये हे मी धरूनच चालले आहे. कॅस्टेलो प्लॅन, म्हणजे १६६० च्या न्यू ॲमस्टरडॅमचा नकाशा, त्याची १९१६ ची पुन्हा काढलेली आवृत्ती न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या डिजिटल संग्रहात फुकट मिळते, मोठी उतरवून ठेवली. त्यात उत्तरेची तटबंदी स्पष्ट दिसते, तिथेच आजची वॉल स्ट्रीट. आणि १६२६ चं डच अधिकारी स्खाखेनचं पत्र, त्यात मॅनहॅटन साठ गिल्डरला (डच नाणी) घेतल्याचं लिहिलंय आणि त्याच जहाजातून ७२४६ बीव्हरची कातडी आल्याचंही. एकाच पानावर बेट आणि कातडी! ज्यांना "चोवीस डॉलरला घेतलं" एवढंच पाठ आहे त्यांना हे पत्र वाचायला द्यायचं आणि यात डॉलर कुठे दिसतोय ते शोधायला लावायचं. पत्रात खरेदी करणाऱ्याचं नावसुद्धा नाही. स्टॅनफर्डमधून निघालेले "इतिहासकारासारखं वाचा" म्हणून फुकट धडे आहेत ना, त्यांची पद्धत घेतली आहे: कोणी लिहिलं, कधी, कोणासाठी.

सहाण?

मंजिरी

---

प्रेषक: निलेश

सर्वांना नमस्कार. धडा चांगलाच असेल पण एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. आपण मराठी शिकवतो की सोशल स्टडीज? शाळेत मुलं हे शिकतातच, इंटरनेटवर जगाच्या इतिहासाचे व्हिडिओ पोत्यानं आहेत, ओईआर प्रोजेक्ट या वेबसाइटवर तर अख्खा अभ्यासक्रम फुकट आहे. रविवारचे दोन तास मराठीसाठी आहेत आणि पालक त्याचे पैसे देतात. शिवाय जायफळ, टेप, रंगीत प्रिंट धरून छत्तीस डॉलर मागितलेत, ते "शैक्षणिक साहित्य" या खात्यात टाकू की "खाद्यपदार्थ"? ऑडिटला गेल्या वर्षी याच कारणानं त्रास झाला होता.

निलेश

---

प्रेषक: वैशाली

निलेश, खाऊ नका असं मी वर लिहिलंय, त्यामुळे खाद्यपदार्थ नक्कीच नाही.

---

प्रेषक: मंजिरी

निलेशदादा, शाळेत जायफळाला नटमेग म्हणतात, जायफळ म्हणत नाहीत! या धड्यात मुलांना तह, वखार, मक्तेदारी, गलबत, उगाळणे, सहाण, जायपत्री हे शब्द लागणार आहेत आणि लागले की राहतात. "मक्तेदारी म्हणजे मोनोपॉली" असं फळ्यावर लिहून दिलं तर राहत नाही, मागच्या वर्षी लिहून दिलं होतं, परीक्षेत एकानं मक्तेदारी म्हणजे मक्याची दारी लिहिलं. आणि शाळेत मॅनहॅटनचा धडा झाला तरी त्याच वर्षी सुरतेत काय चाललं होतं हे त्यांना कोण सांगणार, त्यांच्या डोक्यात शिवाजी महाराज आणि न्यूयॉर्क ही दोन वेगळ्या कपाटातली पुस्तकं आहेत.

छत्तीस डॉलर साहित्यात टाका.

मंजिरी

---

प्रेषक: सुहास

विषय वाचून गप्प बसवेना. डचांची वखार म्हणजे सुरतच का प्रत्येक वेळी? आमच्या वेंगुर्ल्याला डच वखारीचे अवशेष अजून उभे आहेत, लहानपणी आम्ही तिथे चिंचा पाडायला जायचो, तेव्हा कोणी सांगितलं नाही की ही कोणाची भिंत. मंजिरी, वर्गात नकाशा लावशील त्यात वेंगुर्ला घाल, एक टिंब पुरे.

आणि जायफळ फक्त बांदाला ही सतराव्या शतकातली गोष्ट झाली. नेपोलियनच्या लढायांच्या वेळी इंग्रजांनी बांदा ताब्यात घेतलं तेव्हा रोपं उचलून नेली, सिलोन, पेनांग आणि पुढे कॅरिबियनमधल्या ग्रेनाडापर्यंत पोचली. ग्रेनाडाच्या झेंड्यावर जायफळ आहे, मुलांना झेंडा दाखवा, ओळखा पाहू करून. आमच्या बागेतही पोफळीच्या सावलीत चार झाडं आहेत. नर वेगळं, मादी वेगळी, वडिलांनी सात वर्षं पाणी घालून वाढवलेलं एक नर निघालं, ते दुःख त्यांनी अजून सोडलेलं नाही. फळ पिकलं की आपोआप तडकतं, आत काळपट चकचकीत बी आणि तिच्यावर लालभडक जाळी बसलेली. ती जाळी म्हणजे जायपत्री. वाळली की रंग उतरतो, त्यामुळे इथल्या दुकानातल्या पिवळट जायपत्रीवरून मुलांना काही कळणार नाही. माझ्याकडे ओल्या फळाचे फोटो आहेत, पाठवतो.

इमारतीचं म्हणाल तर, मराठीत फळ, इंग्रजीत नट, आहे ती बी. प्रसाद, मराठी नाव लिहून टाका फॉर्मवर.

सुहास

---

प्रेषक: श्रीकांत

सुहास, वेंगुर्ल्याचा मुद्दा योग्य. पण कालक्रमात मुंबई विसरू नये, १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाला आंदण आणि १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं. मॅनहॅटन साठ गिल्डर, मुंबई दहा पौंड, असं शेजारी शेजारी मांडलं तर मुलांना मजा वाटेल. मात्र एक खरेदी आणि एक भाडं, हा फरक सांगावा.

---

प्रेषक: वैशाली

मजेवरून एक विचारायचं होतं. मंजिरी, १६२१ चं काय करणार? मी काल वाचत बसले होते आणि रात्री झोप लागली नाही. डच कंपनीचा गव्हर्नर कून, त्याच्या माणसांनी बांदाची बेटं जवळजवळ रिकामी केली, पंधरा हजारांच्या आसपास लोक होते म्हणतात, त्यातले हजारभर उरले. हे नऊ वर्षांच्या मुलांना सांगायचं? नाही सांगितलं तर धडा नुसता फरशांचा खेळ होतो, दोन युरोपियन कंपन्या एकमेकांना बेटं देताहेत आणि बेटावर कोणी राहतच नव्हतं असं वाटेल.

वैशाली

---

प्रेषक: मंजिरी

वैशाली, मी पण याच्यावर अडकले होते. कत्तलीचं वर्णन करणार नाही. पण रनच्या तीन फरशांवर सुरुवातीलाच पाच मुलं उभी करणार, ती बांदाची माणसं, जायफळ त्यांच्या हातात. सौदे करणारे, तह करणारे सगळे टेपच्या बाहेर. मग १६२१ म्हटल्यावर त्या पाचांनी खाली बसायचं आणि त्यांची जायफळं टेपच्या बाहेरच्या मुलाकडे द्यायची. एवढंच. त्यांनी विचारलं की ही लोकं कुठे गेली, तर खरं ते सांगेन, मारली गेली, काहींना गुलाम करून नेलं, काही पळाली. नाही विचारलं तर मीच विचारेन, आता इथे जायफळ कोण तोडणार? गुलाम आणून डचांनी बागा चालवल्या हे त्या प्रश्नातून येतं. जे पालक नको म्हणतील त्यांनी मला शनिवारपर्यंत वेगळं लिहा.

मंजिरी

---

प्रेषक: प्रसाद

झालं. आज ऑफिसात जाऊन आलो. पाकीट सोबत नेलं होतं, लेबलासकट. तिथल्या बाईंनी विचारलं, हे नट आहे का. मी म्हटलं नाही, बी आहे. त्या म्हणाल्या मग मला का विचारताय. मी बोर्डाकडे बोट दाखवलं, तर म्हणाल्या खाणार आहात का, म्हटलं नाही, मग म्हणाल्या उरलेलं कचऱ्यात टाकू नका, घरी न्या. लेखी मागितलं तर ईमेल करते म्हणाल्या, अजून आलेली नाही, येईपर्यंत मी सही करणार नाही. पाऊस नसेल तर मागच्या पिकनिक टेबलांवर उगाळा, सोपं पडेल. फरशा मात्र आतच आखाव्या लागतील. टेप लावण्याआधी फरशी पुसा आणि निघताना टेप काढा, दिवाळीची रांगोळी अजून एका कोपऱ्यात आहे.

प्रसाद

---

प्रेषक: निलेश

छत्तीस डॉलर साहित्यात टाकले. पावती पाठवा, फोटो नको, पावती.

---

प्रेषक: संध्या

मंजिरी, सहाणेबद्दल तू दोनदा विचारलंस आणि सगळे नुसते इतिहास लिहीत बसलेत. माझ्याकडे दोन आहेत. देवातली चंदनाची देणार नाही, नंतर गंधाला जायफळाचा वास येतो. नातवाच्या बाळगुटीची आहे ती देते, तिला जायफळाची सवय आहे, मध्ये खळगासुद्धा पडलाय. शनिवारी संध्याकाळी घेऊन जा, सातच्या आत, सातला माझी मालिका असते. वाटीत पाणी थोडंच घ्या, मुलं फार ओततात.