बाळंतपणानंतर शौचावर ताबा राहत नसेल तर

ताई, बाळ चार महिन्यांचं झालं तरी गॅस आणि कधी पातळ शी आवरत नाही, आणि घरचे 'होईल हळूहळू' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून वाट बघत बसू नका. डिस्चार्ज कार्ड काढा आणि बाळंतपणात योनीमार्गाजवळ फाटल्याची डिग्री, म्हणजे किती खोल फाटलं ते, बघा. तिसरी किंवा चौथी असेल तर इजा गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलेली असते. काहीच लिहिलं नसेल तरी तपासून घ्या, अशी फाट कधीकधी लक्षात येत नाही. खास सोनोग्राफीत तो स्नायू दिसतो.

मला गुण आला तो पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या, फिजिओथेरपीने. गॅस अडवताना जसं आत ओढतो तसं ओढायचं, थोडं धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. श्वास रोखायचा नाही. माझे कुल्ले आणि मांड्याच आवळल्या जायच्या, फिजिओने हात ठेवून ते दाखवलं तेव्हा कुठे जमलं. निदान 3 महिने रोज करा. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्याही होतं, शेजारणीला पत्ता लागत नाही.

शी पातळ असेल तर डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्या, मल बांधून येतो. आणि योनीमार्गातून गॅस किंवा शी येत असेल तर मात्र आजच दाखवा.