हिरवी सळई आणि काजूची भट्टी

वेंगुर्लेकर: घर समुद्राला लागून, म्हणून गंज लागू नये अशी इपॉक्सीचा (प्लास्टिकसारख्या रेझिनचा) लेप दिलेली हिरवी सळई आणली. मागच्या पडवीच्या स्लॅबवर काजू भाजायची भट्टी मांडायची आहे. धगीने काँक्रीटची पकड सुटेल का? गवंडी म्हणतो, "काय होणा नाय."

साइटवाला: उन्हाने तापलेल्या स्लॅबची काळजी नको. भट्टीची मात्र करा. इपॉक्सी सळई गुळगुळीत, काँक्रीट तिला चिकटत नाही. पकड जवळजवळ सगळी कंगोऱ्यांवर, म्हणजे सळईवरच्या उंचवट्यांवर. म्हणून गार असतानाही लॅप, म्हणजे दोन सळया एकमेकींना जोडून ठेवायची लांबी, वाढवावा लागतो. अमेरिकेच्या काँक्रीट बांधकामाच्या एसीआय 318 या नियमावलीत कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सळईच्या व्यासाच्या तिपटीहून कमी असेल तर दीडपट लांबी धरतात. सळईपाशी 100 अंशांच्या आसपास तापमान गेलं की इपॉक्सी मऊ पडू लागते, पकड आणखी घटते.

वेंगुर्लेकर: मग जस्ताचा लेप दिलेली सळई?

साइटवाला: जस्त 419 अंशांना वितळतं, धगीला ती बरी. पण सळई आणलीच आहे ना? भट्टी जमिनीवर घ्या. आणि वाकवताना इपॉक्सी उडाली असेल तिथे आधी टचअप करा, म्हणजे लेप पुन्हा लावा. खारं पाणी नेमकं तिथूनच शिरतं.

वेंगुर्लेकर: भट्टी माडाखाली हलवली. बायको खूश, धूर घरात नाही.