वायरची जोडणी मध्येच तुटते, वायफाय मात्र चालू राहते (डेबियन १२)

प्रश्न : जिन्यावरचा (टोपणनाव)

माझ्या टेबलावरच्या संगणकावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. त्यातील लॅन कार्ड मदरबोर्डवरचेच, रिअलटेक ८१११ या जातीचे आहे. फायबरचा राउटर तळमजल्यावर असून तेथून जिन्याच्या कडेने साधारण १८ मीटर कॅट-६ केबल माझ्या खोलीपर्यंत आणलेली आहे. गेले तीन आठवडे दिवसातून सात-आठ वेळा इंटरनेट जाते आणि पाच ते वीस सेकंदांत आपोआप परत येते. त्याच क्षणी वायफायवरचा फोन मात्र व्यवस्थित चालत असतो. मी भाषांतराचे काम दूरच्या सर्व्हरवर करतो, त्यामुळे नेमक्या त्या वेळी जतन करायला गेलो तर शेवटचा परिच्छेद हातचा जातो.

राउटरचा पोर्ट बदलून पाहिला, डीएनएसचे (संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या सेवेचे) पत्ते बदलले. एका परिचिताच्या सांगण्यावरून ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपसांत वेग ठरवणे) बंद करून वेग १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी वाहतूक) असा पक्का केला. त्यानंतर जोडणी तुटणे जवळजवळ थांबले, परंतु वेग इतका खाली आला की साधी फाईल उतरवायलाही ताटकळावे लागले, म्हणून ते पूर्ववत केले. आता ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, बदलावा की नवे कार्ड घ्यावे?

उत्तर १ : काळी खिडकी

कर्नलमधील (प्रणालीच्या गाभ्यातील) आर८१६९ हा ड्रायव्हर काढून आर८१६८-डीकेएमएस हे पॅकेज बसवा. ते डेबियनच्या नॉन-फ्री (मुक्त परवाना नसलेल्या) विभागात मिळते. माझ्या जुन्या यंत्रावर त्याने काम भागले होते.

उत्तर २ : सावकाश

वरील उपाय कधी कधी लागू पडतो हे मान्य आहे, परंतु दोष कोणत्या थरावर आहे हे कळण्याआधी ड्रायव्हरला हात लावू नये असे माझे मत आहे. डीकेएमएसचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधला जातो आणि एखाद्या अद्ययावतीकरणात ते बांधकाम फसले, तर मूळचा दोष बाजूला राहून नवेच दुखणे मागे लागते.

दोन टर्मिनल उघडी ठेवा. एकात राउटरच्या पत्त्याला सतत पिंग (उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा) चालू राहू द्या आणि त्याला कॅपिटल डी हा पर्याय द्या, म्हणजे प्रत्येक ओळीवर वेळ छापली जाईल. ही वेळ १९७० सालापासूनच्या सेकंदांत येते. वाचायला कंटाळवाणी आहे, पण जुळवाजुळव करायला पुरते. दुसऱ्या टर्मिनलमध्ये 'जर्नलसीटीएल -के -एफ' चालवा, त्यात कर्नलचे संदेश जसे येतील तसे दिसत राहतील. जोडणी तुटेल त्या क्षणी येथे 'लिंक इज डाउन' असे उमटले, तर डीएनएस, डीएचसीपी (संगणकाला पत्ता देणारी सेवा), नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम) ही सारी मंडळी निर्दोष आहेत आणि दोष केबल, कनेक्टर, पोर्ट किंवा कार्ड यांपैकी कशात तरी आहे असे समजावे. 'लिंक' शाबूत असताना पिंग थांबत असेल, आणि विशेषतः 'नेटडेव्ह वॉचडॉग' (कार्डाकडून माहिती पाठवणे अडकल्याची कर्नलची सूचना) अशी ओळ दिसत असेल, तर मात्र ड्रायव्हरकडे किंवा पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि संगणक यांना जोडणाऱ्या मार्गाच्या) वीजबचतीकडे वळता येईल.

रात्रभर पाहत बसणे शक्य नसेल, तर '/सिस/क्लास/नेट' या निर्देशिकेत तुमच्या कार्डाच्या नावाखाली 'कॅरियर_चेंजेस' ही फाईल असते. झोपताना आणि उठल्यावर तीतला आकडा टिपून ठेवा. जोडणी एकदा तुटून परत आली की तो दोनाने वाढतो.

तुमचा वेग का घसरला तेही सांगतो. तुम्ही ऑटो-निगोशिएशन एकाच टोकाला बंद केले. अशा वेळी समोरच्या राउटरला वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स ओळखता येत नाही आणि नियमानुसार तो हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने वाहतूक) धरून चालतो. एक टोक केव्हाही बोलते आणि दुसरे आपली पाळी येण्याची वाट पाहते, त्यामुळे टकरी होऊन माहितीची पाकिटे वाया जातात. १०० वर चालवून पाहायचे असेल, तर निगोशिएशन चालू ठेवून फक्त १०० फुल एवढेच जाहीर करा. त्यासाठी 'इथटूल -एस' (स्मॉल एस) या आज्ञेत कार्डाच्या नावापुढे 'ॲडव्हर्टाइझ ०एक्स००८' असे लिहावे.

जिन्यावरचा

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. काल सायंकाळी ६ ते रात्री ११ या वेळेत जोडणी तीनदा तुटली आणि तिन्ही वेळा 'लिंक इज डाउन' आले. आकडा रात्री ४२ होता, तो सकाळीही ४२ होता, म्हणजे रात्रभर काहीच घडले नाही. एकदा जोडणी परत आल्यावर पुढील ओळ दिसली : 'डाउनशिफ्ट ऑकर्ड फ्रॉम निगोशिएटेड स्पीड १जीबीपीएस टू ॲक्चुअल स्पीड १००एमबीपीएस, चेक केबलिंग!' तुम्ही सांगितल्याप्रमाणे १०० जाहीर केल्यावर आज दिवसभर जोडणी एकदाही तुटली नाही आणि वेगही पूर्ण १०० चा मिळाला.

उत्तर ३ : तांब्याची तार

कर्नलने एवढे उद्गारचिन्हासकट सांगितल्यावर आता केबलकडेच पाहावे. १०० एमबीपीएसच्या जोडणीला आठांपैकी चारच तारा लागतात, त्या १, २, ३ आणि ६ क्रमांकांच्या. गिगाबिटला मात्र चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. दोन्ही टोके वेग ठरवण्याचे बोलणे १-२ आणि ३-६ या दोन जोड्यांवरूनच करतात, त्यामुळे ४-५ किंवा ७-८ या जोडीत दोष असला तरी गिगाबिटचे ठरते आणि प्रत्यक्षात ते टिकत नाही. याने दोष शंभर टक्के सिद्ध होतो असे नाही, कारण कमी वेगाला एकंदरीतच सिग्नलची मागणी कमी असते. परंतु तुमच्या लक्षणांशी ते बरोबर जुळते.

दोन्ही टोकांच्या आरजे-४५ पिना (केबलच्या टोकाचे पारदर्शक कनेक्टर) उजेडात धरून समोरून पाहा. निळी आणि तपकिरी जोडी टोकापर्यंत पोहोचली आहे ना, याची खात्री करा. आणि रात्री काही होत नाही हे मला सर्वांत बोलके वाटते. दिवसा घरात जे हलते आणि रात्री स्थिर असते, असे त्या केबलच्या वाटेवर काय आहे?

जिन्यावरचा

दार आहे. जिन्याच्या माथ्यावर गच्चीकडे जाणारे लाकडी दार आहे आणि केबल त्याच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून येते. दार लावताना ती ओढली जाते हे आजवर माझ्या ध्यानातच आले नव्हते. लॉग समोर ठेवून मुलीला दार पाच वेळा उघड-बंद करायला लावले, तेव्हा दोनदा 'लिंक इज डाउन' आले.

मात्र चौकटीपाशी केबलचे आवरण फक्त चेपलेले होते, आतील तारा शाबूत होत्या. खरी खोट खोलीतल्या टोकाला निघाली. भिंग लावून पाहिले, तर सात तारांची चकचकीत तांबडी टोके पारदर्शक पिनेच्या पुढच्या भिंतीला टेकलेली होती आणि आठवी, अखंड तपकिरी तार, तिच्यापासून जेमतेम दीड-दोन मिलिमीटर मागे राहिली होती. पितळी पाते तिला कडेने स्पर्श करत होते. बाहेरचे आवरणही पिनेच्या आत शिरलेले नव्हते, त्यामुळे दाराचा प्रत्येक हिसका थेट तारांवर येत होता. ही पिन दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच दाबली होती, त्यामुळे बोट दाखवायला दुसरे कोणी नाही.

टोक कापून ५६८-बी या ठरावीक रंगक्रमाने नवी पिन दाबली, आवरण आतपर्यंत सरकवले आणि केबल दाराच्या वरून फिरवली. 'ॲडव्हर्टाइझ' पूर्ववत केल्यावर वेग १००० आला. चार दिवस झाले, आकडा जागचा हललेला नाही. 'काळी खिडकी' यांचा ड्रायव्हर बसवला नाही, याबद्दल त्यांनी राग मानू नये.

काळी खिडकी

राग कसला, मीही घरी जाऊन माझ्या पिना भिंगाखाली पाहिल्या. एक बदलावी लागली.