अनुभव धागा: एकांकिकेत आपलंच घर दिसलं तेव्हा

ऊसतोड, गटारसफाई, भटक्यांची पालं... एकांकिका स्पर्धांत हे विषय हमखास येतात आणि करंडकही घेऊन जातात. ज्यांनी अशा एकांकिकेत काम केलं, पडद्यामागे राबले किंवा ज्यांचंच आयुष्य समोर रंगमंचावर चाललं होतं, त्यांनी लिहा. कौतुक असो की चीड, दोन्ही चालेल.

*

मी ऊसतोडणीवाली केली होती. तालमीत कोयता नुसता हवेत फिरवायचे. आमच्यातल्या एकाची आई बीडकडची, लग्नापासून तोडणीला जाणारी. ती तालमीला आली आणि म्हणाली, "अगं, बुडातून तोड, मुकादम बोंबलेल!" मग वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पात्यांनी, मोळी कशी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर कसं चढायचं, सगळं करून दाखवलं. संहितेत बाई स्वतःची मजुरी वेगळी मोजून घेत होती. काकू हसल्या. नवराबायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर, आणि ती नवऱ्याच्या हातात! लेखकाने तो प्रवेश रात्रीत बदलला. परीक्षकांनी माझ्या 'निरीक्षणा'चं कौतुक केलं. निरीक्षण कसलं, काकूंनी हात धरून शिकवलेलं.

*

माझे वडील सफाई कामगार. पहिली आलेली एकांकिका बघायला त्यांना घेऊन गेले. नायकाच्या तोंडाला काळं फासलेलं, बनियन फाटका. आप्पा कामाला निघतात ते इस्त्रीच्या शर्टात, मळके कपडे पिशवीत. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला काढायला बंदी आहे, तरी माणसं चेंबरमध्ये उतरवली जातात. कोण उतरवतं, यावर अवाक्षर नाही. शेवटी मरण, करुण बासरी आणि टाळ्या.

*

विषय गरिबीचा म्हणून बक्षीस, हे मला नाही पटत. २०२२ मध्ये पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नव्हता. नुसत्या विषयावर भागत नाही.

*

बक्षिसानंतर एक प्रयोग आम्ही साखर कारखान्याच्या तळावर केला. नेपथ्य नाही, ट्रॅक्टरच्या दिव्यांचा उजेड. स्पर्धेत मुकादमाच्या प्रवेशाला प्रेक्षागृह चिडीचूप व्हायचं. इथे हशा! बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, कारण खरा मुकादम मागेच उभा होता. नंतर एका आजोबांनी विचारलं, "बक्षीस किती?" सांगितलं. "आन् खर्च?" तो जास्त निघाला. घेतलेली उचल कामातून फिटली नाही आणि देणं अंगावर राहिलं, की तोडणीवाले 'बाकी फिरली' म्हणतात.

"म्हंजे तुमच्यावर बी बाकी फिरलीच की!"